“आता घरी न्या, सेवा करा” या वाक्यानंतर काय बोलावे?

प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसमोर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एक प्रसंग हमखास येतो. कापडी पिशवीतून फायली, एक्स-रेचे लिफाफे आणि डिस्चार्ज कार्ड टेबलावर ठेवले जाते आणि रुग्णाचा मुलगा खालच्या आवाजात सांगतो, “मोठ्या दवाखान्यात म्हणाले, आता घरी न्या, सेवा करा.” हे वाक्य सभ्य आहे आणि ‘सेवा’ या शब्दाला आपल्याकडे मान आहे, पण सेवा म्हणजे नेमके काय करायचे, ती कोणी करायची आणि रात्री दोन वाजता दुखायला लागले तर कोणाला फोन करायचा, यातले काहीच त्यात येत नाही. मोठ्या रुग्णालयाचे बोलणे जिथे संपते तिथून तुमचे सुरू होते, आणि त्यासाठी लागणारे शिक्षण आपल्यापैकी बहुतेकांना महाविद्यालयात जेमतेमच मिळालेले असते.

पुढील पायऱ्या नवे वैद्यकीय अधिकारी, आयुष्मान आरोग्य मंदिरांतील समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका आणि गृहभेटींना जाणारे कार्यकर्ते यांच्यासाठी लिहिल्या आहेत. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी उपशामक सेवा. मुंबईत वांद्रे येथे 1986 साली अशी सेवा देणारे शांती आवेदना सदन सुरू झाले आणि पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्ला या औषध कंपनीचे असेच केंद्र चालू आहे. तथापि अशी ठिकाणे मोजकी आहेत, आणि बहुतेक वृद्ध आपल्या घरातल्या खाटेवरच शेवटचे महिने काढतात. म्हणून ही बोलणी खाटेजवळच व्हायची आहेत, असे धरून चालावे.

पहिली पायरी : जाण्याआधी कागद वाचावेत

रुग्णासमोर बसून फाईल चाळू नये. ती आधी वाचावी. गाठीच्या तुकड्याचा अहवाल काय सांगतो, कोणते उपचार झाले, कोणते थांबवले आणि का थांबवले, डिस्चार्ज कार्डावर पुढे काय करायला सांगितले आहे, एवढे तुम्हाला पाठ असावे. अहवाल वाचताना तुमच्या चेहऱ्यावर जे उमटते ते घरातली सहा माणसे टक लावून पाहत असतात, आणि त्यावरून ती आपापला निष्कर्ष काढून मोकळी होतात.

घरी गेल्यावर उभ्याने बोलू नये. खुर्ची असेल तर खुर्चीवर, नसेल तर सतरंजीवर, पण रुग्णाच्या डोळ्यांच्या उंचीला बसावे. वयस्कर माणसाला कमी ऐकू येत असेल तर ओरडण्याचा उपयोग होत नाही. बहुतेकांची उतारवयात आधी उंच स्वर ऐकण्याची क्षमता जाते, त्यामुळे आवाज थोडा खालच्या पट्टीत ठेवून, सावकाश आणि चेहऱ्यावर उजेड पडेल अशा बाजूला बसून बोलावे. चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र जागेवर आहे ना, हे विचारावे. टीव्ही बंद करायला सांगण्यात संकोच नको. आपला फोनही खिशात, आवाज बंद करून.

दुसरी पायरी : घरात कोण कोण आहे ते ओळखावे

निर्णय घेणारा, पैसे देणारा आणि प्रत्यक्ष काळजी घेणारा अशा तीन भूमिका एकाच माणसाकडे क्वचितच असतात. निर्णय थोरला मुलगा घेतो, तो पुण्यात नोकरीला असतो. खर्च धाकटा करतो. आणि अंग पुसणे, कूस बदलणे, गोळ्या देणे हे सगळे सून करते, जी तुमच्या भेटीत स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असते. तिला नावाने किंवा ‘ताई’ म्हणून पुढे बोलवावे आणि तिच्यासाठी जागा करावी. औषधाच्या सूचना तिला न सांगता मुलाला सांगणे म्हणजे सूचना न देणेच होय. रुग्णाची पत्नी असेल तर ती बहुधा नवऱ्याचे नाव घेणार नाही, ‘हे’ किंवा ‘मालक’ म्हणेल. तिच्याशी बोलताना आपणही ‘तुमचे मालक’ किंवा ‘काका’ म्हटले की बोलणे सोपे होते.

मात्र पहिला प्रश्न रुग्णालाच विचारावा. “आजोबा, तुमच्या तब्येतीचं मी तुमच्याशीच बोलू, की बरोबर अजून कोणी असावं असं तुम्हाला वाटतं?” आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाच्या डोक्यावरून त्याच्याच आजाराची चर्चा करणे ही आपली सर्वांत रुळलेली चूक आहे, आणि नव्या डॉक्टरांनी ती पहिल्याच आठवड्यात ज्येष्ठांकडून उचललेली असते.

तिसरी पायरी : सांगण्याआधी विचारावे

वाईट बातमी सांगण्याची सहा टप्प्यांची एक पद्धत टोरांटोचे रॉबर्ट बकमन आणि ह्यूस्टनचे वॉल्टर बेल यांनी सहकाऱ्यांसह 2000 साली मांडली. ती ‘स्पाइक्स’ या नावाने वैद्यकीय शिक्षणात शिकवली जाते. तिच्यात बंद दाराची खोली आणि ठरलेली वेळ गृहीत धरलेली आहे, आणि या दोन्ही गोष्टी आपल्याकडे नसतात. तरीही तिचा गाभा इथे तंतोतंत लागू पडतो : रुग्णाला आधीच काय ठाऊक आहे आणि किती ऐकायचे आहे, हे कळल्याशिवाय काहीही सांगू नये.

प्रश्न साधे असावेत. “आतापर्यंत तुम्हाला काय काय सांगितलंय?” आणि त्यानंतर, “तुम्हाला स्वतःला काय वाटतं, हे कशानं झालं असेल?” एवढे विचारून गप्प बसावे. हे बोलण्यापेक्षा अवघड आहे. अमेरिकेत 1984 साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्ण संभाषणांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते. आपल्या बाह्यरुग्ण विभागात कोणी असे मोजले तर आकडा वाढेल, असे मला वाटत नाही. दोन मिनिटे बोलू दिले तर बहुतेक रुग्ण स्वतःहून थांबतात, आणि त्या दोन मिनिटांत तुमचे निम्मे काम झालेले असते.

मग किती ऐकायचे आहे ते विचारावे : “काही जणांना सगळं बारीकसारीक ऐकायचं असतं, काही जण म्हणतात, मुलाला सांगा, मला नको. तुमचं कसं?” दोन्ही उत्तरे योग्य आहेत. “पोराला सांगा” असे कोणी मनापासून म्हणाले तर त्याच्यावर माहिती लादू नये; फक्त पुढच्या भेटीत पुन्हा एकदा विचारावे, कारण माणसाचे मत आजाराबरोबर बदलते.

याच टप्प्यावर वृद्ध माणसे एक वाक्य हमखास उच्चारतात : “आता देवानं न्यावं.” त्याला “असं बोलू नये, आजी” हे उत्तर आपण लहानपणापासून ऐकलेले आहे आणि ते तोंडावर येतेच. ते गिळावे आणि विचारावे, “असं केव्हापासून वाटतंय? कशामुळे वाटतंय?” कोणाला केवळ थकवा सांगायचा असतो, कोणाला रात्रीची वेदना, कोणाला आपले सूनेवर ओझे झाले आहे ही बोच, आणि एखाद्याच्या मनात खरोखर जीव देण्याचा विचार असतो. तसे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट न विचारल्याने तो निसटतो, म्हणून सरळ विचारावे, आणि उत्तर होय असेल तर त्या दिवशी रुग्णाला एकटे सोडू नये, मानसोपचाराची मदत मिळवावी.

चौथी पायरी : “त्यांना मात्र काही सांगू नका”

तुम्ही गाडीवरून उतरता न उतरता तोच मुलगा अंगणात येऊन अडवतो : “डॉक्टर, बाबांना कॅन्सर आहे हे कळता कामा नये. ते खचतील.” नवे डॉक्टर येथे दोन टोकांपैकी एकाकडे जातात. एक तर रुग्णाचा हक्क सांगून मुलाशी वाद घालतात, किंवा मान डोलावून आत जाऊन “अल्सर आहे, बरं वाटेल” असे म्हणतात. पहिल्याने घराचे दार बंद होते आणि दुसऱ्याने रुग्णाचा विश्वास जातो, आणि तो जातो तेव्हा तुम्हाला कळतही नाही.

मुलगा खोटारडा नाही. तो बापावर माया करतो आहे. म्हणून सुरुवात तेथूनच करावी. “तुम्ही त्यांना इतकं जपताय, हे दिसतंय मला. सांगितलं तर काय होईल, असं वाटतं?” उत्तर शांतपणे ऐकावे. बहुधा शेजारच्या कोणाचे तरी उदाहरण येते, ज्याने ऐकल्या दिवसापासून अन्न सोडले. मग विचारावे, “आणि हे लपवताना तुमचं काय होतंय?” येथे पुष्कळदा मुलाचे डोळे भरतात, कारण फोन आला की अंगणात पळणे, औषधाच्या बाटलीवरचे लेबल खरवडणे, नातेवाइकांना आधी बजावून मग आत सोडणे हे महिनोन्‌महिने चाललेले असते. त्यानंतर एक करार करावा, आणि तो स्पष्ट शब्दांत असावा : “मी आपणहून काही सांगणार नाही. त्यांना काय ठाऊक आहे, एवढंच विचारीन. पण त्यांनी मला सरळ विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. तुम्ही शेजारी बसा.” या करारावर बहुतेक घरे तयार होतात. जी होत नाहीत त्यांना दुसऱ्या भेटीपर्यंत वेळ द्यावा.

वैद्यकीय परिषदेच्या 2002 सालच्या आचारसंहितेतही हीच अपेक्षा आहे : डॉक्टरने रुग्णाच्या स्थितीचे गांभीर्य फुगवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, आणि रुग्ण व कुटुंबाच्या हिताला आवश्यक तेवढी जाणीव त्यांना आहे याची खात्री करावी. लेखी आधार हवा असेल तर तो हा आहे, परंतु अंगणात उभे राहून नियमावली ऐकवू नये.

मला हा धडा एका निवृत्त एसटी कंडक्टरने दिला. त्यांच्या मुलाने मला दारातच शपथ घातली होती. मी आत जाऊन नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा आजोबा मुलाकडे न पाहता म्हणाले, “डॉक्टर, पाट्या वाचण्यात जन्म गेला माझा. ज्या इमारतीत हा मला नेत होता, तिची पाटी मला वाचता येत नाही असं याला वाटलं.” ते सात महिने सगळे जाणून होते आणि मुलाला धक्का बसेल म्हणून गप्प होते. त्या दुपारी त्यांना आजाराविषयी फारसे काही विचारायचे नव्हते. सातबाऱ्यावर दोन्ही मुलांची नावे लावून घ्यायची होती आणि थोरल्या बहिणीला एकदा भेटायचे होते. दोन्ही कामे पुढच्या पंधरवड्यात झाली.

पाचवी पायरी : सांगायचे तर शब्द निवडून

आधी इशारा द्यावा : “तपासणीचं उत्तर आपल्या मनासारखं आलेलं नाही.” मग थांबावे. रुग्णाने मान हलवली की पुढचे एक वाक्य बोलावे, आणि ते एकच असावे. ‘गाठ’ म्हटले की अनेकांना साधी गाठ वाटते, म्हणून ऐकण्याची तयारी दाखवलेल्या माणसापाशी ‘कॅन्सर’ हा शब्द एकदा तरी स्पष्ट उच्चारावा. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ हे वाक्य तर कायमचे टाकून द्यावे, कारण ते ऐकून पेढे वाटायला निघालेले कुटुंब मी पाहिले आहे. ‘स्टेबल आहे’ याचाही घरच्यांच्या कानात ‘बरा होतोय’ असा अर्थ होतो.

“आता काही करण्यासारखं नाही” हे वाक्य सर्वांत जास्त जखम करते आणि ते खरेही नसते. त्याऐवजी असे म्हणता येते : “आजार मुळापासून काढणारं औषध आता अंगाला लागणार नाही. पण दुखणं, दम लागणं, झोप, पोट साफ होणं, यावर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मी करणार आहे.” दुसरे वाक्य पहिल्याइतकेच खरे असले पाहिजे; म्हणजे तुम्हाला खरोखर यावे लागेल.

“किती दिवस?” या प्रश्नाला आकडा देऊ नये. ‘सहा महिने’ सांगितले की घर दिनदर्शिकेवर खुणा करू लागते. दिवस, आठवडे की महिने, एवढ्या माफक मापात अंदाज द्यावा आणि तो चुकू शकतो हेही सांगावे. त्याआधी विचारावे, “हे कशासाठी कळायला हवंय?” वैशाखात नातीचे लग्न असते, अमेरिकेतल्या मुलीला तिकीट काढायचे असते, किंवा आषाढीला पंढरपूरला जायचे असते. उत्तर त्या कामाला धरून द्यावे : “मुलीला बोलवायचं असेल तर या महिन्यात बोलवा.”

माणूस रडू लागला तर पाण्याचा पेला पुढे करावा आणि गप्प बसावे. सल्ला देऊ नये. शेवटी त्यालाच विचारावे, “घरी कोणी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तर तुम्ही काय सांगाल?” जे उत्तर येईल तेच त्याच्यापर्यंत पोहोचलेले असते, तुम्ही काय बोललात ते नव्हे.

सहावी पायरी : मॉर्फिन, सलाईन आणि जेवण

या तीन विषयांवर वाद होतातच, तेव्हा आपणच आधी बोलावे. 2014 साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचे औषध, ठेवण्यासाठी पूर्वीसारखे अनेक परवाने जमवावे लागत नाहीत. घरच्यांच्या मनातली भीती मात्र कायद्याने बदलत नाही. कोणाला व्यसन लागेल असे वाटते, कोणाला ‘शेवटचं औषध दिलं’ असे वाटते. सांगावे की वेदनेसाठी, ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या वेळी घेतलेले मॉर्फिन व्यसनासाठी नसते. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येऊ शकते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबतच द्यायचे असते. हे सुनेला घड्याळाच्या वेळा लिहून द्यावे.

“काही खात नाहीत, सलाईन तरी लावा” यामागे उपाशी मरू दिल्याची टोचणी असते. येथे एक वाक्य मला नेहमी कामी आले आहे : “ते खात नाहीत म्हणून आजार वाढत नाहीये, आजार वाढलाय म्हणून भूक गेलीये.” अखेरच्या दिवसांत शरीराला न पेलणाऱ्या सलाईनमुळे अंगावर सूज येऊ शकते आणि छातीत पाणी वाढून दम वाढू शकतो, हे समजावून सांगावे. नकार देऊन मोकळे हात सोडून जाऊ नये. त्या हातांना काम द्यावे. ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसणे, ओठांना तूप लावणे, दोन तासांनी कूस बदलणे, ही खरी सेवा आहे. तुळशीचे पान आणि गंगाजल तोंडात घालण्याची रीत घरोघरी आहे आणि तिला हात लावू नये. मात्र गिळणे बंद झालेल्या माणसाच्या घशात चमचाभर पाणी ओतले तर ठसका लागतो, म्हणून ओठांवर थेंब टेकवावा, एवढे आधीच सांगून ठेवावे.

सातवी पायरी : ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देऊ नये

विस्मरणाचा आजार झालेली आजी वारलेल्या पतीला हाक मारते, तेव्हा तिला “ते गेले ना दहा वर्षांपूर्वी” असे दर वेळी सांगणे म्हणजे तिला दर वेळी नव्याने विधवा करणे आहे. “आठवण येतेय का त्यांची? ते कसे होते?” असे विचारले की ती बोलू लागते. वाक्ये लहान, प्रश्न एका वेळी एक, आणि जमल्यास सकाळी.

परंतु कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागले, किंवा एकाएकी गप्प आणि झोपाळू झाले, तर तो म्हातारचळ नसून ‘डेलिरियम’, म्हणजे शारीरिक कारणाने एकाएकी उडालेला मनाचा गोंधळ, असण्याची शक्यता मोठी असते. लघवीचा संसर्ग, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठता, नवी सुरू झालेली गोळी, पाणी कमी पडणे अशी कारणे सापडतात आणि त्यातली बरीच दुरुस्त करता येतात. घरच्यांना विचारायचा प्रश्न एकच : “हे केव्हापासून?”

आठवी पायरी : दूरचा मुलगा, कागद आणि नंतरची भेट

कोथरूडमध्ये एकटे राहणारे आईवडील आणि न्यू जर्सीतली मुले हे आता नित्याचे चित्र आहे. मुलगी विमानाने येते आणि पहिल्याच संध्याकाळी सगळे उपचार नव्याने सुरू करायला सांगते, तेव्हा तिचा राग तुमच्यावर नसतो. ती दूर होती, यावर असतो. तिला उशिरा भेटण्यापेक्षा आधीच व्हिडिओ कॉलवर घ्यावे, आणि जे घरच्यांना सांगितले तेच, त्याच शब्दांत सांगावे.

रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत आहे तोवर लिव्हिंग विलचा, म्हणजे पुढे स्वतः ठरवता आले नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा, विषय काढता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली; आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. ‘मृत्युपत्र’ म्हटले की घरात मालमत्तेची कुजबुज सुरू होते, तेव्हा हे उपचारांबद्दलचे कागद आहेत, हे सुरुवातीलाच सांगावे.

घरी मृत्यू झाला तर काय करायचे, हेही आधी बोलून ठेवावे, नाहीतर पहाटे लोक घाबरून रुग्णवाहिका बोलावतात. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र नमुना 4अ मध्ये द्यायचे असते आणि मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. प्रत्येक भेटीत काय बोलणे झाले, कोणाला काय ठाऊक आहे, हे दोन ओळींत कार्डावर लिहावे, म्हणजे तुमच्या रजेत दुसरा डॉक्टर अंगणातल्या कराराला धक्का लावणार नाही.

तेराव्यानंतर एकदा घरी जावे. अर्धा तास पुरतो. त्या भेटीत सून बहुधा सगळे उठून गेल्यावर विचारते, “रात्री दहाची गोळी मीच दिली होती. त्यानं तर नाही ना गेले?” या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. तिच्यासमोर कार्ड उघडून कोणत्या दिवशी किती मात्रा होती, त्या रात्रीची मात्रा आदल्या रात्रीइतकीच होती, आणि पाय गार पडणे व श्वासाची लय बदलणे त्याआधीच सुरू झाले होते, हे बोट ठेवून दाखवावे. मग उरलेल्या गोळ्या तिच्यासमोर मोजून परत घ्याव्यात आणि तसे कार्डावर लिहावे.